कोरी पाटी आणि अटकपूर्व जामीन

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतला एखादा कारकून, तलाठी किंवा अभियंता फौजदारी गुन्ह्यात अटकेत गेला आणि ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला, की तो अटकेच्या दिवसापासूनच निलंबित झाला असे मानले जाते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये तशी तरतूदच आहे. फिर्याद खरी आहे की भावकीच्या भांडणातून रचलेली, याची चौकशी त्या क्षणी कोणी करत नाही. जिल्हा न्यायालयांच्या बाररूममध्ये शुक्रवार संध्याकाळच्या अटकेचे किस्से रंगतात ते यामुळेच. शुक्रवारी दिवेलागणीला उचलायचे, शनिवारी सुट्टीच्या कोर्टापुढे उभे करून दोन दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागायचा. सोमवारी वकिलाने जामिनाचा अर्ज टाईप करेपर्यंत नोकरीचा निकाल लागलेला असतो. पुढे पाच-सात वर्षांनी माणूस निर्दोष सुटलाच, तर पगाराची थकबाकी कदाचित मिळते. मुलीची मोडलेली सोयरीक मात्र कुठल्याही थकबाकीत येत नाही.

या ४८ तासांच्या अलीकडे कायद्याने एक दार ठेवले आहे, ते अटकपूर्व जामिनाचे. अजामीनपात्र गुन्ह्यात आपल्याला अटक होईल अशी रास्त भीती ज्याला वाटते, तो सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाऊन आधीच आदेश मागू शकतो. अटक झालीच तर जामिनावर सोडावे, एवढाच तो आदेश असतो. वकिलांच्या बोलण्यात त्यासाठीच्या अर्जाला नुसते ‘एबीए’ म्हणतात. सराईत गुन्हेगाराला या दाराचे फारसे अप्रूप नसते. कोणता वकील धरायचा, जामीनदार कुठून आणायचा, कोणत्या बराकीत ओळखीचे कोण आहे, हे त्याला ठाऊक असते. ज्याच्या घरी पोलीस पहिल्यांदाच येतात त्याचे सगळेच वेगळे. त्याला पोलीस ठाण्याच्या पायरीचीही धास्ती असते आणि गमावण्यासारखे सगळे त्याच्यापाशीच असते.

असे असूनही ‘पहिल्यांदाच आरोपी’ हा शब्दप्रयोग अटकपूर्व जामिनाच्या कलमात शोधू गेल्यास सापडत नाही. पाटी कोरी असण्याला किती वजन द्यायचे, हे कायद्याने जवळजवळ पूर्णपणे न्यायाधीशांच्या तारतम्यावर सोडले आहे. ते योग्यच केले, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. मात्र या तारतम्यापर्यंत कोण पोहोचतो आणि पाटी कोरी कोणाची राहू दिली जाते, हे दोन प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत सहसा येत नाहीत. पुढील प्रकरणांत कलमांचा कीस पडेलच. इथे आधी या दोन प्रश्नांपर्यंत जाण्याची वाट शोधू.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही सोय नव्हती. अटकच झाली नाही तर जामीन कसला, असा सरळ हिशेब बहुतेक उच्च न्यायालयांनी मांडला होता. काहींचे मत वेगळे पडत होते. सप्टेंबर १९६९ मध्ये के. व्ही. के. सुंदरम यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या ४१ व्या अहवालात हा घोळ मिटवण्याची शिफारस केली. वजनदार माणसे आपल्या प्रतिस्पर्ध्यांना खोट्या प्रकरणांत गोवून चार दिवस तुरुंगात बसवतात आणि राजकीय चुरस वाढेल तशी ही खोड वाढते आहे, हे आयोगाचे पहिले कारण. ते नेहमी सांगितले जाते. दुसरे कारण मागे पडते, पण पहिल्यांदा आरोपी झालेल्यासाठी तेच मोलाचे आहे. जो पळून जाणार नाही, जामिनावर सुटल्यावर गैरवर्तन करणार नाही, अशा माणसाने आधी कोठडीत जावे, काही दिवस आत काढावेत आणि मगच जामीन मागावा, या क्रमाला काही समर्थन नाही, असे आयोगाने म्हटले होते.

१९७२ च्या ४८ व्या अहवालात आयोगाने थोडा लगाम घातला. तेव्हा अध्यक्ष होते माजी सरन्यायाधीश, साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. पहिला आदेश तात्पुरता असावा, सरकारी वकिलाला नोटीस दिल्यावरच तो कायम व्हावा आणि कारणे लेखी नोंदवावीत, असे त्या अहवालाने सुचवले. नवी संहिता १ एप्रिल १९७४ रोजी लागू झाली आणि तिच्यातले ४३८ वे कलम पुढची पन्नास वर्षे वकिलांच्या तोंडी राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४८२ वे झाले. गंमत म्हणजे जुन्या संहितेतले ४८२ वे कलम गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात वापरले जाई. त्यामुळे ‘४८२ टाकू या’ असे ज्येष्ठ वकील म्हणाले, की त्यांना नेमके काय अभिप्रेत आहे, हे कनिष्ठांना आता विचारून घ्यावे लागते.

कलम आले, तरी न्यायालये ते हातचे राखून वापरत होती. पंजाबचे माजी पाटबंधारे व वीजमंत्री गुरबक्षसिंग सिब्बिया यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप झाले. तेव्हा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अटकपूर्व जामिनावर अटींची अशी जंत्री लादली, की कलम नावापुरते उरावे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेले. ९ एप्रिल १९८० रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी त्याचा निकाल लिहिला आणि आजही या विषयातला कोणताही युक्तिवाद त्या निकालापासून सुरू होतो. संसदेने ज्या अटी घातल्या नाहीत त्या न्यायालयांनी आपल्या मनाने घालू नयेत, हे त्याचे सार. गुन्हा नोंद होण्याची वाट पाहण्याची गरज नाही, पण भीती मोघम नसावी, ती का वाटते हे सांगता आले पाहिजे. कोणत्याही गुन्ह्यात अटक करू नका, असा सरसकट आदेशही मिळणार नाही. आणि प्रत्यक्ष अटक झाली, की हे दार बंद.

चंद्रचूड पुण्याचे. याच चंद्रचूडांनी आणि याच पीठावरच्या न्या. पी. एन. भगवतींनी चारच वर्षांपूर्वी, २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क उरत नाही, असा बहुमताचा कौल दिला होता. १९८० च्या निकालातला स्वातंत्र्याविषयीचा जिव्हाळा वाचताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. त्यात प्रायश्चित्ताची भावना होती की कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणीबाणीची दुसरी खूण जास्त काळ टिकली. उत्तर प्रदेशाने २८ नोव्हेंबर १९७५ पासून आपल्या राज्यापुरते हे कलमच काढून टाकले. आणीबाणी उठली, सरकारे आली आणि गेली, पण कलम परतले ते ६ जून २०१९ रोजी. मधली ४३ वर्षे लोकसंख्येने देशातल्या सर्वांत मोठ्या राज्यात अटकपूर्व जामीन नावाची गोष्टच नव्हती. तिथला माणूस अटकेला स्थगिती मिळवण्यासाठी रिट याचिका घेऊन अलाहाबाद गाठत असे. हे बेकायदा होते का? नाही. १९९४ मध्ये करतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटकपूर्व जामीन हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधला मूलभूत हक्क नाही. तो कायद्याने दिलेला आहे आणि कायद्याला तो काढून घेता येतो. चंद्रचूडांच्या निकालाने हुरळणाऱ्याने हाही निकाल वाचलेला बरा.

हा जामीन किती काळ टिकावा, हा मुदतीचा वाद महाराष्ट्रातूनच गेलेल्या दोन खटल्यांनी पेटवला. सलाउद्दीन शेख खटल्यात १९९५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा जामीन मर्यादित काळापुरताच द्यावा आणि नंतर आरोपीने नियमित न्यायालयापुढे जावे. म्हणजे माणूस आज वाचला, तरी महिनाभराने पुन्हा त्याच भीतीच्या रांगेत. २ डिसेंबर २०१० रोजी अक्कलकोटचे राजकारणी सिद्धाराम म्हेत्रे यांच्या अपिलात न्या. दलवीर भंडारी यांच्या पीठाने याच्या नेमके उलट सांगितले. एकदा दिलेले संरक्षण सहसा खटला संपेपर्यंत राहावे, असा त्या निकालाचा कल होता. दहा वर्षे खालची न्यायालये दोन्ही निकाल मांडीवर घेऊन बसली. अखेर २९ जानेवारी २०२० रोजी सुशीला अगरवाल खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले, की मुदत घालायची तर खास कारण हवे, एरवी हा जामीन खटल्याच्या शेवटापर्यंत चालू शकतो आणि दोषारोपपत्र दाखल झाले म्हणून तो आपोआप संपत नाही.

हे झाले दिल्लीतले. जिल्ह्याच्या ठिकाणी काय घडते?

नेहमी दिसणारे एक चित्र घेऊ. शेतात बांधावरून मारामारी झाली, एकाचा हात मोडला. फिर्यादीत सात नावे आहेत: चुलता, त्याची तीन मुले, दोन सुना आणि सुट्टीसाठी घरी आलेला, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातला पुतण्या. कुऱ्हाडीचा उल्लेख आला, की धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचे कलम लागते आणि ते अजामीनपात्र असते. सत्र न्यायालयात अर्ज दाखल होतो. सोबत एफआयआरची प्रत, आधार कार्ड, वकीलपत्र आणि असा अर्ज अन्यत्र केलेला नाही असे प्रतिज्ञापत्र. न्यायालय पोलिसांचा ‘से’ मागवते, म्हणजे त्यांचे लेखी म्हणणे. तो येईपर्यंत अंतरिम संरक्षण मिळाले तर वकिलाच्या चेहऱ्यावर हसू येते. नाही मिळाले, तर पुतण्या चार दिवस पाहुण्यांकडे मुक्कामाला जातो आणि त्याचा फोन बंद लागतो. सुनावणीला तपास अधिकारी केस डायरी घेऊन हजर असतो. सरकारी वकिलांचे वाक्य ठरलेले: हत्यार जप्त करायचे आहे, म्हणून कोठडीतली चौकशी आवश्यक आहे. अर्जदाराच्या वकिलाचेही वाक्य ठरलेले: अर्जदाराचा गुन्हेगारी पूर्वेतिहास नाही, तो विद्यार्थी आहे, कायमचा रहिवासी आहे, पळून जाणार नाही.

अर्ज मंजूर झाला, तर आदेशात अमुक हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार येतो. दर सोमवारी अकरा ते एक पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही, परवानगीशिवाय देश सोडायचा नाही, अशा अटीही असतात. मग खरी गंमत ठाण्यात. आदेशाची प्रत आणि सात-बारा उतारा असलेला जामीनदार घेऊन पुतण्या जातो. कागदोपत्री त्याला अटक दाखवली जाते, बोटांचे ठसे, फोटो, सह्या होतात आणि त्याच टेबलावर त्याला सोडले जाते. तासाभरात तो बसस्टँडवर असतो. कायद्याच्या दृष्टीने तो अटक झालेला आरोपी आहे. त्याच्या आईच्या दृष्टीने तो वाचला आहे.

त्या सात नावांविषयी म्हेत्रे निकालातली एक नोंद फार शहाणपणाची आहे. समान उद्देश किंवा बेकायदा जमाव या कलमांखाली जिथे घोळक्याने नावे येतात, तिथे न्यायालयांनी जास्त सावध राहावे, कारण गरजेपेक्षा जास्त माणसे गोवली जातात हे सर्वांना माहीत आहे. गावाकडचा कोणताही वकील हे डोळे मिटून सांगेल. हुंड्याच्या छळाच्या फिर्यादींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार खटल्यात आकडेच मांडले होते. २०१२ या एका वर्षात छळाच्या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक झाली आणि त्यांत ४७,९५१ स्त्रिया होत्या. ९३.६ टक्के प्रकरणांत दोषारोपपत्र दाखल झाले, शिक्षेचे प्रमाण मात्र १५ टक्के. शिक्षा कमी झाली म्हणून फिर्यादी खोट्या ठरत नाहीत. घरातल्या छळाला साक्षीदार मिळत नाहीत आणि तडजोडी होतात, हेही तितकेच खरे आहे. पण सासू-नणंदांना अटक करण्याची घाई कशासाठी होती, हा प्रश्न या आकड्यांतून सुटत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी नोटीस द्या आणि अटक का केली ते लिहून ठेवा, हा त्या निकालाचा आदेश पहिल्यांदा आरोपी झालेल्यांसाठी अटकपूर्व जामिनाइतकाच उपयोगी ठरला. आता ही नोटीस नव्या संहितेच्या कलम ३५(३) खाली निघते. ज्याच्या हाती ती वेळेत पडते, त्याला बहुधा सत्र न्यायालयाची पायरी चढावीच लागत नाही.

अटक हीच शिक्षा, ही भावना काही नवी नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असल्याचे म्हटले होते. तुरुंगांचा ४३.२ टक्के खर्च अशा अटकांवर होतो, असाही त्याचा हिशेब होता. गाझियाबादच्या पोलिसांनी एका तरुण वकिलाला चौकशीसाठी बोलावून पाच दिवस ठेवून घेतल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे आकडे उद्धृत केले. अटकेचा अधिकार असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्याचे कारण असणे ही दुसरी, असे त्याने पोलिसांना बजावले.

आता कोऱ्या पाटीच्या वजनाकडे येऊ. महाराष्ट्राने १९९३ मध्ये आपल्यापुरते ४३८ वे कलम नव्याने लिहून घेतले. न्यायालयाने काय पाहावे, याचे निकष त्यात आले: आरोपाचे गांभीर्य, अर्जदार पळून जाण्याची शक्यता, आरोप केवळ मानहानीसाठी केला आहे का, आणि अर्जदाराचा पूर्वेतिहास. सरकारी वकिलाने मागणी केली आणि न्यायालयाला पटले, तर अंतिम सुनावणीला अर्जदाराने हजर राहायचे, अशीही तरतूद होती. तिची वकिलांना धास्ती वाटे; अर्ज फेटाळला गेला तर अशील कोर्टाच्या दारातच पोलिसांच्या हाती. केंद्राने २००५ मध्ये अशाच स्वरूपाचा बदल मंजूर केला, पण तो लागू केला नाही. नव्या संहितेच्या ४८२ व्या कलमात ना निकष आहेत, ना हजेरीची सक्ती. म्हणजे पूर्वेतिहास पाहावा असे सांगणारा मजकूर महाराष्ट्रातल्या कायद्यात होता, तो २०२४ मध्ये गेला. आता ते काम जुन्या निकालांवर आणि न्यायाधीशाच्या समजुतीवर आहे. निकष लिहून ठेवले, की त्यांचे रकाने होतात आणि रकाने भरले, की विचार थांबतो. त्यामुळे ते गेले म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

पाटी कोरी म्हणून सोडा, असा नियम केला असता तर काय झाले असते? एखादी पतसंस्था बुडते, तेव्हा संचालक मंडळात सराईत असा कोणीच नसतो. निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, आडत व्यापारी, पंचायत समितीचे माजी सभापती. कोणावरही कधी साधी अदखलपात्र तक्रारसुद्धा नसते. ठेवीदार मात्र हजारो असतात. पांढरपेशा गुन्ह्यात स्वच्छ चारित्र्य हेच भांडवल असते, त्याच्या जोरावरच ठेवी गोळा होतात. ५ सप्टेंबर २०१९ रोजी माजी केंद्रीय अर्थमंत्री पी. चिदंबरम यांचा अर्ज फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक गुन्हे हा वेगळाच वर्ग मानला. त्या निकालावर टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे, कारण गुन्ह्याच्या प्रकारावरून स्वातंत्र्य ठरवण्याची सवय लागली की ती कुठे थांबेल, सांगता येत नाही. पण ‘पहिलीच वेळ आहे’ हा युक्तिवाद तिथे का चालला नाही, हे समजायला अवघड नाही. ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारांचेही असेच. तिथेही आरोपीची पाटी बहुधा कोरी असते. अल्पवयीन मुलींवरील बलात्काराच्या काही गुन्ह्यांत तर संसदेने २०१८ पासून हे दार बंदच केले आणि नव्या कायद्यातही ते बंद आहे.

१९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १८ ने ते सुरुवातीपासूनच बंद ठेवले आहे. गावात बहिष्कार घालणारा, विहिरीवर अडवणारा माणूस पोलिसांच्या यादीत कधीच नसतो. तो गावच्या मिरवणुकीत पुढे असतो. त्याला अटकपूर्व जामीन मिळाला, की फिर्यादीने गावात राहायचे कसे, हा संसदेपुढचा प्रश्न होता. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका फिर्यादीतून निघालेल्या खटल्यात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तटबंदी सैल केली. त्यावर देशभर उद्रेक झाला आणि संसदेने कलम १८-अ आणले. १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली, मात्र फिर्यादीवरून सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर बंदी आड येणार नाही, एवढी फट ठेवली. ती फट किती रुंद करायची, यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या सगळ्याच पीठांपुढे रोज युक्तिवाद चालतात.

बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातही ही मनाई आहे. गोव्याच्या व्यवस्थापन संस्थेत शिकवणारे प्रा. आनंद तेलतुंबडे यांचा अर्ज १ फेब्रुवारी २०१९ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने फेटाळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबई विमानतळावर त्यांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत दिलेले चार आठवड्यांचे संरक्षण तेव्हा संपलेले नव्हते. त्याच दिवशी पुण्याच्याच न्यायालयाने अटक बेकायदा ठरवून त्यांना सोडले. पुढे १६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला, १४ एप्रिलला ते शरण गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर बाहेर आले. चार आठवडे म्हणजे नेमके किती तारखेपर्यंत, हे मोजायला एक रात्र कमी पडली, याचे हे उदाहरण.

गुन्हा एका राज्यात आणि माणूस दुसऱ्या राज्यात, अशी प्रकरणे फोनच्या जमान्यात वाढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्ली पोलिसांनी नोंदवलेल्या एका गुन्ह्यात बीडच्या एका अभियंत्याला औरंगाबाद खंडपीठाने दहा दिवसांचे, तर मुंबईतल्या एका वकील महिलेला मुंबई उच्च न्यायालयाने तीन आठवड्यांचे संरक्षण दिले, ते दिल्लीतल्या न्यायालयापर्यंत पोहोचण्यापुरते. याला ट्रान्झिट जामीन म्हणतात. कायद्यात तसा शब्द नाही, पण २० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

आता पहिला प्रश्न, या तारतम्यापर्यंत पोहोचण्याचा. वरची बहुतेक उदाहरणे मंत्र्यांची, प्राध्यापकांची, वकिलांची. आपल्यावर गुन्हा दाखल झाला आहे हे ज्याला आधी कळते आणि दोन दिवसांत वकिलाच्या फीची सोय करता येते, त्याच्यासाठीच हे दार प्रत्यक्षात उघडते. ऊसतोड मजुराला गुन्ह्याची खबर लागते ती पोलिसांची गाडी फडावर आल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी, संवेदनशील प्रकरणे वगळता, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटकेआधीच मोफत वकील पोहोचवण्याची पद्धतही आखून दिली. कागदावर दोन्ही चांगले आहे. पण २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. त्यांच्यापैकी किती जणांनी अटकेआधी वकिलाचे तोंड पाहिले असेल, याचा अंदाज बांधायला आकडेवारीची गरज नाही.

दुसरा प्रश्न पाटी कोरी राहण्याचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ ही त्याचीच वास्तू. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला, पण पोलीस ठाण्याच्या सवयीतून तो लगेच गेला नाही. परिसरात दरोडा पडला, की पारध्याच्या पालावर आधी गाडी जाते. अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या नावावर एखादी ‘चॅप्टर केस’, म्हणजे शांतताभंगाच्या संशयावरून केलेली प्रतिबंधक कारवाई, आणि एखादा संशयित म्हणून नोंदवलेला गुन्हा सहज असतो. पुढे खरोखर पहिला गंभीर आरोप होतो, तेव्हा पोलिसांचा ‘से’ त्याला पूर्वेतिहास असलेला आरोपी म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार निकालाचे पालन करा, असे पोलिसांना मुद्दाम बजावले. ते बजावावे लागले, यातच सगळे आले.

आणि पूर्वेतिहास म्हणजे काय, हाही घोळ आहेच. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कलमात शब्द स्पष्ट होते: दखलपात्र गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरून कारावास भोगला आहे का. व्यवहारात मात्र ‘किती गुन्हे दाखल आहेत’ एवढेच विचारले जाते. प्रलंबित गुन्ह्यांची संख्या हे जामीन नाकारण्याचे एकमेव कारण होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सांगितले आहे. तरी पोलिसांच्या तक्त्यात गुन्हा रजिस्टर नंबर ठळक असतो आणि त्या खटल्याचे पुढे काय झाले, हे ज्याचे त्याने शोधून आणायचे असते. म्हणून जाणते वकील अर्जासोबत जुन्या निर्दोष मुक्ततेच्या निकालाची प्रमाणित नक्कल जोडतात. नक्कल विभागातून ती मिळायला आठवडा सहज जातो, आणि अटकपूर्व जामिनाच्या अर्जदाराकडे तेवढे दिवस बहुधा नसतात.